गाय नसल्याचा दाखला

परक्या घरात दूध तापवायचं नाही, असं अत्तेंनी स्पंदनाला निघतानाच बजावलं होतं. अत्ते म्हणजे तिच्या सासूबाई, जलजाक्षम्मा. त्या मेथी निवडत दारात बसल्या होत्या आणि स्पंदना बाळाची पिशवी भरत होती. पिशवीत थर्मासमध्ये दूध, उकळून घेतलेली वाटी, उकळून घेतलेला चमचा, तो खाली पडलाच तर दुसरा उकळून घेतलेला चमचा, ताप बघायची नळी, चार दुपटी आणि कानटोपी. म्हैसुरात एप्रिल चालू होता, पण कानटोपी असलेली बरी.

"अत्ते, मी घर बघायला चाललेय, राहायला नाही," स्पंदना म्हणाली.

"ते तुला माहीत आहे. दुधाला कुठं माहीत आहे?"

संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या बाईने यावर काय बोलावं? तिने हसून पिशवीची चेन लावली, नऊ महिन्यांच्या पुट्टीला छातीशी बांधलं आणि रिक्षा बोलावली. त्या हसण्याची किंमत पुढे तिने हप्त्याहप्त्याने फेडली.

मुळात बेत अगदी छोटा होता. बाळंतपणासाठी सोडलेली कॉलेजातली जागा प्रिन्सिपॉल मॅडमनी मे अखेरपर्यंत तिच्यासाठी अडवून धरली होती. जूनमध्ये ती हजर झाली नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला. हजर व्हायचं तर आया हवी. आयाला दरमहा पगार हवा, आणि अतिथी व्याख्यात्यांचा पगार तर वर्षातून दोनदा येतो, तोही आला तर. तेव्हा स्पंदनाने असा हिशेब मांडला की वडिलांनी तिच्या नावावर ठेवलेली ठेव मोडायची, तिच्यात आपली शिल्लक घालायची, भाड्याने देण्याजोगं एखादं लहानसं घर घ्यायचं, घराने आया पोसायची आणि आयाने पुट्टी. यात कुठेही चूक नव्हती. फक्त घरही नव्हतं आणि आयाही नव्हती.

आया मिळत नव्हत्या असं नाही. चार जणी येऊन गेल्या. पहिली शिंकली. दुसरीची नखं वाढलेली होती. तिसरीने पुट्टीकडे बघून "किती बारीक आहे हो" म्हटलं, तिला कॉफीसुद्धा मिळाली नाही. चौथी स्वच्छ, शांत, नीटनेटकी होती. पण तिने खुर्चीवर बसून स्पंदनालाच विचारलं की घरात माणसं किती, आवाज कोण चढवतं, आणि दुपारी झोपायला मिळेल का. तिला स्पंदना पसंत पडली नाही.

घराच्या बाबतीत मात्र सल्ल्यांना तोटा नव्हता. नवरा श्रीवत्स याने "तुझे पैसे, तुझा निर्णय" असं म्हणून हात वर केले. सुशिक्षित नवऱ्यांच्या या उदारपणाचा एक फायदा असा की नंतर "मी तेव्हाच म्हणालो होतो" असं म्हणायची वाट मोकळी राहते. समोरच्या घरातले नंजुंडय्या भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी सांगितलं की विकणाऱ्याचा फूट नेहमी दहा इंचांचा असतो, आपण स्वतः मोजायचं; आणि त्यांनी नोकरीतली लोखंडी टेप आणून तिच्या हातात ठेवली. ही टेप खेचली की निमूट बाहेर येई आणि सोडली की पिसाळल्यासारखी परत जाई. तिचे वळ नंजुंडय्यांच्या दोन्ही मनगटांवर होते. ते वळ ते निवृत्तिवेतनाइतक्याच अभिमानाने दाखवत.

स्पंदनाने संगणकावर एक तक्ता केला होता. त्याला सतरा रकाने होते. भाडं, कर, रंगरंगोटी, महिनाभर घर रिकामं पडलं तर, दोन महिने पडलं तर, भाडेकरू भांडखोर निघाला तर. 'गाय' हा रकाना त्यात नव्हता, हे इथेच सांगून टाकते.

घर होतं एका अरुंद गल्लीत, हिरव्या फाटकाचं. पुढे एकामागे एक अशा दोन खोल्या, सहा महिने रिकाम्या. मागे धुण्याचा दगड, आणि दगडापलीकडे एक लांबुळकी खोली. तिच्यात शेषम्मा नावाच्या बाई बावीस वर्षं एकट्या राहत होत्या, बाराशे रुपये भाड्याने. मालक दोड्डय्या मुलाकडे हुबळीला कायमचे जायचे होते आणि त्यांना सगळं एकदम विकून मोकळं व्हायचं होतं. मागत होते तेवीस लाख. स्पंदनाकडे एकवीस होते. उरलेल्या दोनांसाठी बँकेत जायचं होतं.

दोड्डय्यांनी फाटकातच सांगून टाकलं की दुसरंही एक गिऱ्हाईक आहे. त्याला हे पाडून मोटरसायकली ठेवायला पत्र्याची शेड करायची आहे. मग आवाज खाली आणून म्हणाले, "म्हातारीची काळजी करू नका, अम्मा. सांगितलं की जाईल."

म्हातारी तेव्हा धुण्याच्या दगडावर हप्पळ, म्हणजे पापड, वाळत घालत होती. हात मध्येच थांबला आणि पुन्हा चालू लागला. स्पंदनाचं सगळीकडे लक्ष असतं. तिने ते पाहिलं. पाहिलं आणि, खरं सांगायचं तर, तक्त्यातल्या 'मागची खोली' या रकान्यात बाराशेच्या जागी चार हजार घालून बघितले. तरीही खर्च वजा जाता परतावा शेकडा चार पडेना. बँकेत नुसते पडून राहिलेले पैसे झोपेत सात कमावतात. म्हणजे उत्तर सरळ होतं. घर घ्यायचं नाही. पण नंजुंडय्या संध्याकाळी विचारणार, तेव्हा निदान मोजून तरी जावं, म्हणून तिने टेप काढली.

आणि पुट्टी जागी झाली.

थर्मासचं झाकण नीट बसलं नव्हतं. दूध गार झालं होतं. उकळलेले दोन चमचे, उकळलेली वाटी आणि गार दूध. पुट्टीने पहिला सूर लावला. शेषम्मा पदराला हात पुसत आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. आपली छोटी शेगडी आणली, एक पितळी पातेलं आणलं, नुकतंच घेतलेलं ताजं दूध आणलं, आणि आपल्या खोलीत सगळीकडे हप्पळ आहेत म्हणून शेगडी पुढच्या रिकाम्या खोलीतल्या स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली. अत्तेंचे शब्द स्पंदनाच्या कानाच्या पाळीपर्यंत आले होते. पण पुट्टीने दुसरा सूर लावला आणि ते तिथूनच परत गेले.

"तुम्ही मोजा," शेषम्मा म्हणाल्या. "दुधाकडे मी बघते."

टेपचं एक टोक दोड्डय्यांकडे, दुसरं स्पंदनाकडे. नऊ फूट सात इंच असं ती म्हणतेय, तोच दोड्डय्यांच्या बोटातून टोक सुटलं. टेप खोलीभर नागिणीसारखी सळसळत आली, स्पंदना पुट्टीला कवटाळून भिंतीला चिकटली, आणि त्याच वेळी ओट्यावरून चर्र असा आवाज आला. दूध पातेल्याच्या काठावर फुगलं, क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं आणि पूर्वेच्या बाजूने शेगडीवर ओघळलं.

रिकाम्या घरात, नव्या सुवासिनीसमोर, कडेवर लेकरू असताना, दूध पूर्वेकडे उतू गेलं. याचा अर्थ गृहप्रवेश, हे त्या गल्लीत शाळेत न गेलेल्या मांजरालाही कळतं. शेषम्मांनी झाकणावर पळी वाजवली. दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून डोकी वर आली. पाच मिनिटांत हळदकुंकवाच्या करंड्या आल्या, फुलं आली, एका बाईने पुट्टीच्या गालाला काजळ लावलं. ती बाई शिंकलेली नव्हती ना, हे बघायला स्पंदनाला सवड मिळाली नाही. दोड्डय्यांनी डोळे पुसले आणि पानावर सुपारी ठेवून पुढे केली. स्पंदना म्हणाली की अजून परतावा काढायचा आहे. बायकांना वाटलं, परतावा म्हणजे कसला तरी विधी असेल. त्यांनी सांगितलं की तो सावकाश काढता येईल.

तिने अत्तेंना फोन केला. घडलं ते सगळं सांगितलं.

"शेगडीचं तोंड कुठल्या बाजूला होतं?" अत्तेंनी विचारलं.

"अत्ते, ते महत्त्वाचं आहे का?"

"येते मी."

अर्ध्या तासात त्या रेशमी साडी नेसून, आंब्याचे डहाळे घेऊन रिक्षातून उतरल्या. त्यांनी ओटा बघितला, शेगडी बघितली, शेषम्मांकडेही जरा जास्तच वेळ बघितलं आणि निकाल दिला. घर घ्यायचं की नाही ते सावकाश ठरवा. पण गृहप्रवेश अर्धा झालेला आहे, आणि अर्धा गृहप्रवेश तसाच टाकून जाता येत नाही. स्पंदनाने विचारलं की जे घर आपण घेतलेलं नाही त्याचा गृहप्रवेश पुरा कसा करायचा. अत्ते म्हणाल्या की अर्धा केलास तसाच. पुढचा गुरुवार ठरला. सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. फुलांचा खर्च दोड्डय्यांनी आपण होऊन अंगावर घेतला. इतक्या आनंदाने कुणी फुलं विकत घेतल्याचं स्पंदनाने आजवर पाहिलं नव्हतं.

गुरुवारला आठ दिवस होते. तेवढ्यात सुटकेचा एखादा मार्ग निघावा म्हणून तिने घराचा सरकारी उतारा मागवला. कागदात खोट निघाली की अत्तेंनाही मानावं लागलं असतं. खोट निघालीसुद्धा, पण ती काही वेगळीच निघाली. उताऱ्यावर त्या घराच्या जागी लिहिलं होतं: 'गोठा. जनावरे दोन.'

दोड्डय्यांना विचारलं तर त्यांनी थंडपणे सांगितलं की वडिलांच्या काळात होत्या दोन गाई. मग गाई गेल्या, खोल्या झाल्या. कर गोठ्याचाच येत राहिला, वर्षाला अगदी थोडका. आपण होऊन जास्त मागा म्हणून कोण सांगायला जातो? बँकेने सांगितलं की गोठ्यावर कर्ज मिळत नाही. गाईवर मिळेल, पण गाय उताऱ्यावर आहे, दारात नाही.

ही नोंद दुरुस्त करून घ्यायला वॉर्ड कचेरीत स्पंदना तीनदा गेली. आता तिला घर नको होतं, पण आपल्यासारख्या पदवीधर बाईने गोठ्याचा गृहप्रवेश करावा, ही गोष्ट तिच्या मनाला लागली होती. पहिल्यांदा खिडकीवरचे गृहस्थ जेवायला गेले होते. दुसऱ्यांदा ते जेवून आले होते आणि त्यामुळे त्यांना काही सुचत नव्हतं. तिसऱ्यांदा त्यांनी अर्ज वाचला आणि पुरावा मागितला.

"कसला पुरावा?"

"गाय नाही, याचा."

तिने विचारलं, असा दाखला देतं कोण. ते म्हणाले, गुरांचे डॉक्टर. ती पुट्टीला बांधून गुरांच्या डॉक्टरांकडे गेली. ते भले गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची दिली आणि समजावलं की आपण गाय तपासून दाखला देतो. तुम्ही गाय आणा, ती नाही असं लिहून देतो. स्पंदना तशीच परत आली. शेवटी कचेरीतून कळलं की स्वतः कर-निरीक्षक येऊन जागेची पाहणी करतील. कधी, असं विचारलं तर म्हणे साहेब येतील तेव्हा येतील.

साहेब गुरुवारी आले. दहा वाजून बावीस मिनिटांनी.

गृहप्रवेश म्हटला की माणसांच्या आधी गाय आत जाते, हे नव्याने काय सांगायचं. गल्लीच्या टोकाच्या दूधवाल्याची गौरी आणली होती. शिंगांना हळद, गळ्यात शेवंतीचा हार, पाठीवर अत्तेंच्या माहेरचं रेशमी वस्त्र. आतल्या खोलीत केळ्यांचा घड टांगलेला. गौरीने तो रस्त्यावरूनच हेरला होता. ती एक दार ओलांडून गेली, दुसरं दार ओलांडून गेली, आतल्या खोलीत उभी राहून केळी खाऊ लागली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिने मंगल मानलं जाणारं ते सगळं केलं. बायका धन्य झाल्या. तेवढ्यात हातात कागदाची फाईल घेऊन, मध्यम वयाचे, मिशा नीट कातरलेले एक गृहस्थ दारात उभे राहिले.

त्यांनी फाईल बघितली. गाय बघितली. जमीन बघितली. पुन्हा फाईल बघितली.

"नोंद गोठ्याची आहे," ते म्हणाले. "गाय आहे. शेण आहे. अम्मा, तुमची तक्रार नेमकी कशाबद्दल आहे?"

स्पंदना अर्जाची प्रत शोधू लागली. नंजुंडय्या टेपसह पुढे झाले. या प्रसंगासाठी त्यांनी कोट घातला होता. ते म्हणाले की साहेब, ही गाय इथली नाही, पाहुणी आहे. साहेबांनी शांतपणे विचारलं, पाहुणी जाणार कधी. आत्ताच जाणार, असं सगळे एका आवाजात म्हणाले आणि गौरीकडे वळले.

गौरी गेली नाही. गाय पुढे चालते, मागे चालायची तिला सवय नसते. वळावं तर खोली नऊ फूट सात इंचांची, आणि दोन भिंतींना लोकांनी अहेराची भांडी मांडून ठेवलेली. मागच्या दाराने काढावं तर नंजुंडय्यांनी मोजून जाहीर केलं की दार दोन फूट चार इंच आणि गाय दोन फूट पाच. ते दोन्ही आकडे त्यांनी टिपूनही घेतले. दूधवाल्याने मागून ढकललं. श्रीवत्सने रजा काढून पुढून ओढलं. अत्तेंनी स्तोत्र म्हटलं. गौरीने भटजींच्या उपरण्याचं टोक चघळायला घेतलं. टेप एकदा सुटली, त्यामुळे पाणी भरलेला कलश पडला, दोन बायका घसरल्या, आणि या गदारोळात स्पंदना एका हाताने हार सावरत, दुसऱ्या हाताने अर्जाची प्रत साहेबांना दाखवत, हा गोठाच असेल तर त्याला विजेचं मीटर कसं, असा तर्कशुद्ध मुद्दा मांडत होती.

अखेर साहेबांनीच फाईल खिडकीत ठेवली. बूट काढले, पँट दुमडली. म्हणाले, "माझं लहानपण गुरांत गेलंय." त्यांनी गौरीच्या कानाशी काहीतरी पुटपुटत तिचं शिंग धरलं, भांडी बाजूला करायला लावली आणि तिला चहाच्या कपाएवढ्या जागेत अलगद वळवून बाहेर आणलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब लाजले. बूट घालून त्यांनी फाईल उघडली आणि तेवढ्याच अलगदपणे लिहिलं: 'गोठा. प्रत्यक्ष पाहणीत जनावर आढळले. निरोगी.' मग स्पंदनाच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना दया आली असावी. त्यांनी 'दोन' खोडून 'एक' केलं.

तेव्हा कुठे स्पंदनाचा हात सवयीने छातीशी गेला. तिथे पुट्टी नव्हती.

तिने घड्याळ पाहिलं. बारा वाजले होते. पुट्टी कडेवर नसल्याला एक तास चाळीस मिनिटं झाली होती. जन्मल्यापासून इतका वेळ तिने पुट्टीकडे बघितलं नाही, असं कधी झालं नव्हतं. ती आंघोळीलाही दार उघडं ठेवून जाई. ती शेण, पाणी, भांडी यांवरून उड्या घेत मागच्या दाराने पळाली. दोन फूट चार इंचांतून ती कशी गेली ते तिला आठवत नाही.

मागच्या खोलीत शेषम्मा पाय पसरून बसल्या होत्या. पुट्टी त्यांच्या पायांवर बसून नाचणीची पेज खात होती. चमच्याने नव्हे, शेषम्मांच्या बोटाने. ते बोट उकळलेलं नव्हतं. वाटी रिकामी होती. घरी सहा चमच्यांसाठी तासभर गाणी म्हणायला लावणारी ही पोरगी रिकामी वाटी उलटी करून आत बघत होती.

"गोंधळ फार होता," शेषम्मा म्हणाल्या. "हिला म्हटलं, चल, आपण दोघी जेवू."

स्पंदना उंबऱ्यावरच बसली. तिला रडू येत होतं की हसू, ते तिला कळलं नाही. साडीला शेण होतं.

पुढचं पटापट झालं. शेड बांधू पाहणाऱ्या गिऱ्हाइकालाही गोठ्यावर कर्ज मिळेना. आता तर गाय असल्याची ताजी सरकारी नोंद झाली होती. ते निघून गेलं. दोड्डय्यांनी दोन दिवस कपाळाला हात लावला आणि एकवीसवर आले. स्पंदनाने तक्ता उघडला. रात्रीच्या स्वयंपाकाआधी तिने अठरावा रकाना जोडला आणि वर लिहिलं, 'शेषम्मा'. खाली कुठला आकडा घालायचा ते तिला सुचेना. परतावा अजूनही शेकडा साडेचारच होता. श्रीवत्स मागून डोकावून म्हणाला की मी तेव्हाच म्हणालो होतो. काय म्हणाला होता, ते त्याला सांगता आलं नाही.

एकतीस मेला ती कॉलेजात जाऊन सही करून आली.

घराचे कागद तिच्या नावावर झाल्यावर तिने शेषम्मांना सांगितलं की पुट्टीला सांभाळायचा पगार देईन आणि खोलीचं भाडं माफ. शेषम्मांनी पगाराचा आकडा घासाघीस करून कमी केला, आणि भाड्याचं ऐकून मात्र त्या चिडल्या.

"फुकट राहायला मी काय गाय आहे? बाराशे देणार."

त्याच दिवशी कॉफी पिताना अत्तेंनी सहज विचारावं तसं विचारलं, "शेषम्मा, एवढ्याशा पोरीला दूध पाव वाटी. तुम्ही पातेलं काठोकाठ का भरलंत? आणि शेगडी पूर्वेला कुणी वळवली?"

शेषम्मांनी कॉफी एका पेल्यातून दुसऱ्यात ओतली, उंचावरून, थेंब न सांडता.

"वय झालं," त्या म्हणाल्या. "हात हलतो."

पुट्टीला ताप आला का हे दिवसातून तीनदा बघणाऱ्या, शिंका आणि नखं मोजणाऱ्या स्पंदनाच्या नजरेतून तेवढं एक पातेलं सुटलं होतं. अत्ते हसल्या. त्यांनी पेला पुढे केला आणि अजून कॉफी मागितली.

आता स्पंदना अकरा ते एक वर्गात असते. फोन बंद ठेवावा लागतो. तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्या वेळी त्या बाजूने जाणार असेल, तर तिची एक विनंती आहे. हिरवं फाटक, धुण्याचा दगड ओलांडला की मागची खोली. जरा डोकावून या. पुट्टीला बघायला नव्हे, ती मजेत असते. शेषम्मा जेवल्या का, तेवढं बघा. पोरीला भरवता भरवता त्या स्वतःचं विसरतात. विचारलंत तर जेवले म्हणतील. ऐकू नका. खिडकीत त्यांचं ताट पालथं घातलेलं असतं, ते नुकतं धुतल्यासारखं ओलं आहे का, हात लावून बघा.